ग्रीनलँडचा व्हिसा, हिमनगांतलं कयाकिंग आणि ‘होऊन जाईल हो’ म्हणणारी ऑफिसं

तुमच्या पोस्टमधलं ‘एजंट म्हणतो, ग्रीनलँड डेन्मार्कचंच आहे, शेंगेनवर चालून जातं’ (शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. अगदी हेच वाक्य, याच आत्मविश्वासाने, मी ऐकलेलं आहे.

तुमचा बेत मला समजला तो असा: जुलैत ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं इलुलिसाट, तुम्ही दोघं नागपूरहून, भाऊ फ्रँकफर्टहून जर्मन रेसिडेन्स परमिटवर, आणि हिमनगांमधून दिवसभराची गाईडसोबतची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) सफर. प्रश्न मात्र दोनच विचारलेत: पोहता येत नाही तर चालेल का, आणि बूट कोणते घ्यावेत. बुटांचं सोडा, पायात काय घालायचं ते बहुतेक सफरवाले बुकिंगच्या वेळीच कळवतात, बरेचदा देतातही. पोहण्याचं पुढे लिहितो. वल्हं कसं धरायचं, कयाकमध्ये कसं बसायचं हे गाईड किनाऱ्यावर शिकवतोच, त्यात मी वेळ घालवत नाही. आधी व्हिसा.

ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. युरोपीय समुदायातूनही ते १९८५ सालीच बाहेर पडलं. त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा, मग तो खुद्द डेन्मार्कने दिलेला का असेना, तिथे चालत नाही. पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर ग्रीनलँडसाठी वैध असल्याची वेगळी ओळ छापलेली असावी लागते, आणि ती ओळ हवी असेल तर अर्जातच ग्रीनलँड लिहावं लागतं. फ्रान्सचा, इटलीचा, आइसलँडचा व्हिसा असेल तर प्रश्नच मिटला, तो उपयोगाचा नाही. आणि तुमच्या भावाला हे ऐकून धक्का बसेल, पण जर्मन रेसिडेन्स परमिटसुद्धा ग्रीनलँडला पुरत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यालाही डेन्मार्ककडून वेगळा व्हिसा काढावा लागेल.

आता आमचं काय झालं ते. पुण्यातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसकडे सगळं सोपवलं होतं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, अशी ऑफिसं गल्लोगल्ली आहेत. प्रवासाचा सगळा आराखडा मी टाईप करून दिला होता, त्यात प्रत्येक मुक्कामासमोर इलुलिसाट लिहिलेलं होतं. ऑफिसने अर्जात नुसतं ‘डेन्मार्क’ भरलं. व्हिसा आला, पेढे आले (खरंच, त्या ऑफिसची पद्धत आहे), आणि घरी आल्यावर बायकोने स्टिकर नीट वाचला. ग्रीनलँडचा उल्लेखच नाही. फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, नकाशात बघा ना, डेन्मार्कच आहे ते.’ मी दूतावासाला ईमेल केला. उत्तर आलं दोन ओळींचं: हा व्हिसा ग्रीनलँडसाठी वैध नाही, नवीन अर्ज करावा लागेल.

ते ईमेल घेऊन ऑफिसात गेलो तेव्हा मॅडमनी आधी चहा मागवला. मग म्हणाल्या, ‘ग्रीनलँडला जायचंय हे तुम्ही स्पेसिफिकली सांगायला हवं होतं.’ त्यांच्याच फाइलमध्ये, त्यांच्याच शिक्क्याखाली माझा आराखडा होता, तो मी उघडून दाखवला. त्यावर उत्तर: ‘हो, पण ते हॉटेलसाठी.’ नव्या अर्जासाठी सर्व्हिस चार्ज पुन्हा लावला. पावती मागितली तर ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’, ती अजून यायची आहे. माणसाने चूक केली की राग येतो, पण चूक दाखवल्यावर ‘होऊन जाईल हो’ असं हसत म्हटलं की त्या रागाला जागाच उरत नाही.

याहून महागात पडलं ते कयाकचं बुकिंग. ऑफिसने ते थेट इलुलिसाटच्या सफरवाल्यांकडे न करता मधल्या एका पोर्टलवरून केलं होतं. तारीख बदलायची म्हणून मी सफरवाल्यांना लिहिलं, तर ते सभ्यपणे म्हणाले, तुमचं बुकिंग आमच्या नाही, पोर्टलच्या हातात आहे. पोर्टल म्हणालं, ज्याने बुक केलं त्यानेच बदलावं. ऑफिस म्हणालं, पोर्टलची पॉलिसी नॉन-रिफंडेबल आहे. तिघांचं बोट तिसऱ्याकडे. पैसे गेले ते गेलेच, शिवाय ग्रीनलँडमधली अंतर्गत विमानं बदलायचा खर्च वेगळा. जुलैची सहल ऑगस्टच्या अखेरीस झाली. तोवर मध्यरात्रीचा सूर्य गेलेला असतो (इलुलिसाटला तो साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही). डास मात्र कमी झालेले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुलैत गेलात तर डोक्यावर घालायची जाळी न्याच. आर्क्टिकमध्ये डास कसले, असं म्हणणारे तिथे थोबाडीत मारून घेताना दिसतात.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: विमान आणि हॉटेल एजंटकडून करा हवं तर, पण व्हिसाचा अर्ज स्वतः भरा आणि कयाकची सफर थेट तिथल्या लोकांकडून घ्या. एजंटकडूनच करायचं असेल तर सही करण्याआधी भरलेल्या अर्जाची प्रत मागा आणि त्यात ग्रीनलँड हा शब्द डोळ्यांनी बघा. आणि स्टिकर हातात पडला की काउंटर सोडण्याआधी वाचा. मी वकील नाही, दूतावासात कामालाही नाही. नियम बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द डेन्मार्कच्या अधिकृत संकेतस्थळाचा, माझा नाही.

विम्याचंही तेच. व्हिसासाठी म्हणून घेतलेल्या स्वस्त पॉलिसीत ‘शेंगेन देश’ एवढंच लिहिलेलं असेल तर ग्रीनलँड त्यात येतं असं धरून चालू नका. शिवाय बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. कयाकिंग त्यात मोडतं का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. तिथे एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही, आजारी माणूस हलवायचा तर बोट, विमान नाहीतर हेलिकॉप्टर. बिलाचा आकडा तुम्हीच कल्पना करा.

आता सफरीबद्दल. तुमच्या एजंटने पाठवलेल्या जाहिरातीत ‘हिमनदीच्या तोंडाशी कयाकिंग’ असं आहे, ते जरा तपासून घ्या. इलुलिसाटचे अजस्र हिमनग येतात सेर्मेक कुयालेक या हिमनदीतून. जगातल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी ती एक, २०१२ च्या सुमारास तिचा वेग दिवसाला ४० मीटरच्या वर गेला होता. पण तिचं तोंड फ्योर्डच्या (जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या) पार आत आहे आणि मधला सगळा फ्योर्ड बर्फाने गच्च भरलेला असतो. कयाकने तिथे दिवसभरात जाऊन येणं शक्य नाही. तुम्ही वल्हवता ते फ्योर्डच्या बाहेर, डिस्को उपसागरात. फ्योर्डच्या मुखाशी समुद्राचा तळ उंच आहे, मोठे हिमनग तिथे रुतून बसतात, झिजतात, फुटतात आणि मग एकेक करून बाहेर सुटतात. त्या सुटलेल्यांच्या आसपास तुमची सफर. हिमनदीची उभी भिंत बघत वल्हवायचं असेल तर उत्तरेला एकिप सेर्मिया ही हिमनदी आहे, पण तिथवर आधी काही तास मोटारबोटीने जावं लागतं. दोन्ही वेगळ्या सफरी, वेगळे दर. जाहिरातीत फोटो एकीचा आणि दर दुसरीचा, असं मी बघितलंय.

हिमनगाला हात लावलेल्या फोटोचा हट्ट धरू नका. ‘पाण्याखाली नऊ-दशांश’ हे शाळेत सगळेच शिकतात, पण त्याचा अर्थ तिथे गेल्यावर कळतो: खालचा भाग वितळत असतो, तोल बदलत असतो, आणि शांत उभा दिसणारा डोंगर एका क्षणात कूस बदलतो. उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा, असं साधारण सांगतात. आमचा गाईड त्याहून लांबच ठेवत होता, आणि सोबतचे दोघे सारखे ‘थोडं जवळ चला ना’ म्हणत होते. मग लांबवर, आमचा संबंधही नसलेला एक नग फुटला. आवाज आधी आला, लाट बऱ्याच वेळाने. गाईडने सगळ्यांच्या कयाकांची तोंडं लाटेकडे वळवून घेतली, लाट खालून सरकून गेली, काही झालं नाही. पण नंतर ‘जवळ चला’ कोणी म्हणालं नाही. तिथल्या किनाऱ्यावरही पाट्या आहेत: हिमनग फुटून अचानक मोठी लाट येते, पुळणीवर उतरू नका. त्या पाट्या शोभेच्या नाहीत.

पोहता न येण्याबद्दल. बरेच सफरवाले पोहता न येणाऱ्यांना दोन माणसांच्या कयाकमध्ये गाईडसोबत किंवा अनुभवी जोडीदारासोबत घेतात. ही कयाकं रुंद असतात, सहज उलटत नाहीत. लाइफ जॅकेट असतंच, शिवाय ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा अंगभर पोशाख. माझं मत थोडं कडक आहे: पोहता येत नसेल तर हरकत नाही, पण तोंडावर पाणी आलं की जो घाबरून हातपाय झाडतो त्याने जाऊ नये. बर्फाच्या पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही, मग हाताची बोटं नीट चालतात ती सुमारे १० मिनिटं. ड्रायसूटने यात पुष्कळ फरक पडतो, पण घाबरटपणावर ड्रायसूट नसतो. निघायच्या आधी महिनाभर जवळच्या तरणतलावात लाइफ जॅकेट घालून पाण्यात पडायची सवय करा. गोव्यात किंवा तारकर्लीला केलेलं कयाकिंग हाताला वळण लावतं, पण तिथली कयाकं वरून उघडी असतात. इथे पाय आत, कमरेला घट्ट बसणारं कापड. उलटलात तर ते ओढून बाहेर कसं यायचं, हे गाईडला पुन्हा दाखवायला सांगा, लाजू नका.

ड्रायसूटबद्दल दोन गोष्टी बायकांनी (आणि अंगठीवाल्या पुरुषांनी) लक्षात ठेवाव्यात. मानेला आणि मनगटाला रबराची घट्ट पट्टी असते, ती बांगडी, खडे, लांब नखं यांनी फाटते. मंगळसूत्र, कानातलं हॉटेलवर ठेवा. आणि सूट चढवण्याआधी लघवीला जाऊन या, नाहीतर चार तास बर्फाचं सौंदर्य डोक्यात शिरत नाही. आत लोकरीचं किंवा थर्मल, सुती अजिबात नको. चष्म्याला मागून दोरी.

शाकाहारी असाल तर दुपारच्या डब्याचं बुकिंग करतानाच लिहा, नाहीतर सीलचं नाहीतर माशाचं समोर येईल. आम्ही भाजणी आणि मेतकूट नेलं होतं, दुकानात दही मिळतं, जमून गेलं. गावात बांधलेली स्लेजची कुत्री गोंडस दिसतात, त्यांना हात लावायचा नाही, मुलं बरोबर असतील तर दहादा सांगा.

सहलीत दोन दिवस मोकळे ठेवा. वारा फिरला की बर्फ बंदरात शिरतो आणि बोटी अडकतात, धुक्याने विमानं रद्द होतात. कयाकची सफर मुक्कामाच्या पहिल्या दिवशी घ्या, शेवटच्या नको, म्हणजे हवामानामुळे पुढे ढकलली तर जागा राहील.

आणि भावाला आजच फोन करा. जुलैच्या आधी अर्जांची गर्दी असते, आणि जर्मनीत राहून डेन्मार्कचा हा व्हिसा नेमका कुठे द्यायचा, हे त्याने दूतावासाला लेखी विचारून घ्यावं. तुमच्यापेक्षा त्याचंच अडकायची शक्यता जास्त आहे, कारण त्याला अजून आपल्याला व्हिसा लागतो हेच माहीत नाही. तुमचा स्टिकर आला असेल तर त्यातला नाव-पासपोर्टचा भाग झाकून फक्त वरची आणि शेरे असलेली ओळ काय म्हणते ते इथे लिहा, बघून सांगतो.