बटाटा बहुगुणी असेलही, पण इथे तो बहुगुणित आहे

निपाणीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: "काका, आमच्याकडे एक व्याख्यान झालं. विषय होता 'बहुगुणी वनस्पतींच्या लोकसंख्येतील जनुकीय विविधतेचे मापन'. 'बहुगुणी' बरोबर की 'बहुगुणित'? आणि झाडांची 'लोकसंख्या' म्हणतात का?"

बहुगुणित. बहुगुणी आवळा असतो, हळद असते, जाहिरातीतलं कुठलंही तेल असतं. ज्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनापेक्षा जास्त संच असतात तो जीव बहुगुणित, मग अंगी गुण असो वा नसो. लग्नपत्रिकेत आपण 'आनंद द्विगुणित करावा' छापतो, 'द्विगुणी करावा' नाही. छापखानेवाल्याला जे कळतं ते व्याख्यात्यांना कळू नये?

आता खरी गंमत. संस्कृतात गुण म्हणजे आधी दोरीचा पेड, सूत. अथर्ववेदातलं नऊ दारांचं कमळ 'त्रिभिर्गुणेभिः' वेढलेलं आहे. धनुष्याची दोरी तीही गुणच. दोन पेडांची ती द्विगुण, म्हणून दुप्पट. आणि तोच द्विगुण झिजत झिजत 'बे दुणे चार'मध्ये येऊन बसला. बेंदराआधी कासरा घ्यायला गेलं की आजोबा दोर उलगडून आधी पेड मोजायचे. वनस्पतिशास्त्रज्ञ करतो ते याहून फार वेगळं नाही. श्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये 'हॅप्लॉइड' (गुणसूत्रांचा एकच संच असलेला) आणि 'डिप्लॉइड' (दोन संच असलेला) हे शब्द केले, ते ग्रीकमधल्या 'एकेरी' आणि 'दुहेरी' या अर्थाच्या शब्दांवरून. म्हणजे त्यांनीही पदरच मोजले. त्याआधी १८८८ मध्ये 'क्रोमोसोम' हे नाव पडलं होतं, कारण तो कण रंग चांगला धरतो: रंगीत देह. त्यांनी वाण पाहिला, आपण 'गुणसूत्र' म्हणून गुण पाहिला. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तो असा. आणि गुण म्हणजे सूत असेल तर गुणसूत्र म्हणजे सुताचं सूत! शब्द करणाऱ्याच्या मनात हे नसणार. माझ्या मनात आहे.

पण बेळगावकडच्या पोरांना 'गुणित' समजावून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. कन्नडच्या तासाला तुम्ही पहिलीपासून काय घोकता? कागुणित! आपण जिला बाराखडी म्हणतो ती. क ला स्वरांनी गुणलं की क, का, कि, की. तेलुगूतही तिला गुणिंतमच म्हणतात. आपली बाराखडी 'बारा अक्षरी' म्हणून नुसती मोजून थांबली; गुणाकार कन्नड-तेलुगूने जपला. यावर आमच्याकडचे काही शुद्धिवादी लगेच भुवया उंचावतात: कानडीतला शब्द मराठीच्या चर्चेत कशाला? अहो, शब्द संस्कृत आहे, शेजाऱ्याने सांभाळून ठेवलाय. सीमेचा वाद कोर्टात चालू दे की, कोशात कशाला?

दुसरे एक जाणकार म्हणतात, 'गुणित' म्हणजे कुणीतरी गुणलेलं. झाडाला कोण गुणायला बसलंय? त्यापेक्षा 'बहुगुणी' सुटसुटीत. गुणायला निसर्ग बसलाय. शिवाय १९३७ पासून प्रयोगशाळाही बसल्यात. कोल्चिसीन नावाचं रसायन लावलं की पेशी विभागताना दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात. हे कोल्चिसीन पावसाळ्यात आपल्या पश्चिम घाटात फुलणाऱ्या कळलावीतही असतं. आता या वादात आणखी कळ लावायची नाही.

मापनाकडे येतो, कारण तिथेही घोळ शब्दाचाच आहे. तुझ्या निपाणीची तंबाखू आणि आमच्या बेळगावचा बटाटा, दोघंही वांग्याच्या कुळातले, दोघांतही ४८ गुणसूत्रं, बारा-बाराचे चार संच. (बारा! बाराखडीशी संबंध शून्य, पण मी खूश आहे.) बटाट्याचे चारही संच एकाच जातकुळीचे, त्यामुळे वारसा देताना चौघांत कुणाचीही कुणाशी जोडी जमते. तंबाखूत दोन वेगळ्या जातींचे दोन-दोन संच एकत्र आले, आणि ते बहुतेक आपापल्या जोडीदाराशीच जुळतात.

जनुकाच्या एका जागी क आणि ख असे दोन पर्याय धर. नेहमीच्या दोन संचांच्या झाडात प्रकार तीन: कक, कख, खख. मधल्याला आपण 'विषमयुग्मी' म्हणतो. युग्म म्हणजे जोडी. बटाट्यात जागा चार, प्रकार पाच: कककक, कककख, ककखख, कखखख, खखखख. यातलं युग्म कुठलं? शब्दाला भुलून लोक मधल्या तिघांना सरसकट विषमयुग्मी म्हणून मोजतात. क आणि ख निम्मे-निम्मे असतील आणि परागीभवन स्वैर होत असेल, तर दोन संचांत विषम झाडं निम्मी निघतात, चार संचांत आठांपैकी सात. क-ख चं प्रमाण तेच, तरी बटाट्याची विविधता फुगलेली दिसते.

उपाय त्या 'युग्म' शब्दातच आहे. झाडाच्या चार प्रतींतून दोन-दोन उचलून बघायच्या. सहा जोड्या होतात. कककख मध्ये त्यातल्या तीन विषम, ककखख मध्ये चार. म्हणजे पहिल्याची विषमता सहांत तीन, दुसऱ्याची सहांत चार. याची सगळ्या झाडांवर सरासरी काढली की वरच्या उदाहरणात बटाट्यालाही निम्मंच उत्तर येतं आणि तुलना करता येते. अडचण एवढीच की साध्या चाचणीत 'क आहे, ख आहे' इतकंच कळतं, किती प्रती ते नाही. पेड दिसतात, मोजता येत नाहीत.

तंबाखूत फसगत आणखी वेगळी. एका पूर्वजाकडून फक्त क आला आणि दुसऱ्याकडून फक्त ख, तर वावरातलं प्रत्येक रोप ककखख. सगळी विषम, आणि सगळी अगदी एकसारखी. तिथे दोन्ही पूर्वजांचे संच वेगळे काढून प्रत्येकात दोन संचांचा हिशेब करायचा. मग विविधता निघते शून्य.

लोकसंख्येचं राहिलंच. लोक म्हणजे माणसं. झाडांची समष्टी म्हण. एका झाडातली विषमता व्यष्टीची, शेतभराची विविधता समष्टीची. तंबाखूत घोटाळा होतो तो नेमका या दोघींत.