भिशी लागली, आता जुनं वेल्डिंग मशीन घ्यावं का?

कोल्हापूरच्या कसबा बावड्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: "वय ३६, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी. माझे वडील उद्यमनगरात ज्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं वेल्डर होते, ते आता बंद होतंय. त्यांच्या हातातलं ३०० अँपियरचं ऑइल कूल्ड, म्हणजे तेलात थंड होणारं, मशीन मालक मला ११,००० ला द्यायला तयार आहेत. त्याचा एसी करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, करायला रेक्टिफायर आणि चोक या जोडभागांचे ९,०००, केबल आणि रॉड धरायच्या होल्डरचे ४,०००, घरी तीन फेज घ्यायला वायरिंगसकट ८,००० असा अंदाज मिळाला. एकूण ३२,०००. घरी गेट, जिन्याचं रेलिंग आणि मागची पत्र्याची शेड करायची आहे. फॅब्रिकेटर त्याची नुसती मजुरी ९,००० सांगतो. वडिलांमुळे माझा हात बसलेला आहे. २,००० ची २० जणांची भिशी सहाव्या महिन्यात मला लागली, ४०,००० हातात आहेत. घेऊ का?"

नमस्कार. मशीनकडे वळण्याआधी भिशीचं बोलतो, कारण पत्रातला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे आणि तो दिसतो तेवढा मोठा नाही. तुम्ही आजवर ६ हप्ते भरलेत, म्हणजे १२,०००. अजून १४ हप्ते, २८,००० रुपये, भरायचे आहेत. व्याज नसलं तरी ते कर्जच. तुमचे स्वतःचे पैसे फक्त १२,०००. आज ३२,००० घातले, तर त्यातले २०,००० म्हणजे पुढच्या दहा महिन्यांच्या पगारातून जाणारे हप्ते. मधे शाळेची फी, एखादं आजारपण किंवा फाउंड्रीत ओव्हरटाइम बंद झाला, तर भिशीच्या दिवशी तोंड लपवायची वेळ येते. तालमीच्या, गल्लीच्या भिशीत पत एकदा गेली की परत येत नाही, म्हणून हे इतकं लावून धरतोय.

तेव्हा माझ्या लेखी तुमचं बजेट १२,००० आहे.

आता मशीन. तुम्ही मशीनवरच्या पाटीचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यावर इनपुट ४१५ व्होल्ट आहे, म्हणजे दोन फेजवर चालणारं मशीन. घरच्या एक फेजच्या मीटरवर ते लागणारच नाही, त्यासाठी तीन फेजचं कनेक्शन हवं. तीन फेज घेतलं की ८,००० एकदाच जातात, पण महावितरणचा तीन फेजचा स्थिर आकार एक फेजपेक्षा बराच जास्त असतो आणि तो रॉड पेटवा न पेटवा, दर बिलात येतो. गेट झाल्यावर मशीन सहा महिने झाकून ठेवलं तरी तो चालूच राहील.

याच मशीनला २३० व्होल्टची जोडणी असती तरी सुटका नव्हती. अशा जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनच्या होल्डरवर आर्क, म्हणजे वेल्डिंगची ज्योत, पेटण्याआधी ७०-८० व्होल्ट असतात. १० नंबरच्या, म्हणजे ३.१५ मिमी रॉडला १०० अँपियर धरा. ७५ गुणिले १०० भागिले २३० केलं की लाइनवर ३२-३३ अँपियर येतात. घरातला पॉवर प्लग १६ चा. आयजीबीटी इन्व्हर्टर, म्हणजे नव्या पद्धतीचं इलेक्ट्रॉनिक मशीन, याच कामाला साधारण १७-१८ घेतं आणि बारीक १२ नंबरच्या रॉडवर त्याहून कमी. त्यालाही मीटरपासून वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) हवाच, पण मंजूर भार पुरेसा असेल तर एक फेजवर भागतं.

रेक्टिफायरचे ९,००० मला सगळ्यात जास्त खटकले. ७०१८ या जातीच्या रॉडसाठी डीसी हवं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. गेट, रेलिंग, शेडला ६०१३ ही साध्या कामाची रॉड लागते आणि ती एसीवर उत्तम चालते. पातळ चौकोनी पाइपला डीसी सोपं पडतं हे खरं, पण इन्व्हर्टर मशीन मुळातच डीसी देतं आणि करंट खाली आणून पाइपला भोक न पाडता काम करू देतं. शिवाय जुन्या मशीनवर घातलेला अपग्रेडचा पैसा विकताना कुणी देत नाही. घेणारा आत तांबं आहे की अॅल्युमिनियम एवढंच बघतो आणि वजन करतो.

हिशेब मांडतो. जुन्याच्या वाटेने ३२,००० गेले, ९,००० मजुरी वाचली, उरले २३,०००. घरची, भावकीची किरकोळ कामं धरून वर्षाला २,००० वाचले तरी साडेअकरा वर्षं. नव्याच्या वाटेने २०० अँपियरचं चांगलं इन्व्हर्टर मशीन, वॉरंटीसह, सात-आठ हजारांत येतं. काचेचा मास्क, हातमोजे, वायर-एमसीबी धरून १२,००० च्या आत बसतं. तिन्ही कामं झाली की उरलेले ३,००० दीड वर्षात फिटतात.

जुनी मशीन वाईट असतात असं मी म्हणणार नाही. दिवसभर जाड काम असेल, तीन फेज आधीच असेल, तर तेलातलं तांब्याचं मशीन पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मात्र २०१९ आणि २०२१ चा महापूर विसरू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका वर्कशॉपवाल्यांनी पुरात बुडालेलं मशीन स्वस्तात घेतलं. पाणी मिसळून तेल दुधाळ झालेलं होतं, ते कुणी उघडून बघितलंच नाही, आणि दोन महिन्यांत वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळालं.

शनिवार-रविवारी पैसे घेऊन बाहेरची कामं करायचा विचार असेल, तर घरच्या मीटरवर करण्याआधी महावितरणकडे विचारून घ्या. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरला, तर आकारणी दुप्पट दराने होते.

वडिलांच्या मशीनचं तुम्हाला वाटणं मी हिशेबाबाहेर टाकत नाही. पण ११,००० देऊन ते अंगणात गंजत ठेवण्यापेक्षा मालकांना वडिलांचा होल्डर आणि मशीनची पाटी मागा. २२ वर्षं घाम गाळलेल्या माणसाच्या मुलाला ते नाही म्हणणार नाहीत.

आणि मशीन आणण्याआधी बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, नसेल तर. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे कायमचे गेल्यास २ लाख, एक डोळा गेल्यास १ लाख. गॅल्वनाइज्ड पाइप असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा, त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. पावसात ओल्या फरशीवर रॉड धरू नका. भिशीचे उरलेले २८,००० वेगळ्या बचत खात्यात टाका आणि दरमहाचा हप्ता तिथूनच द्या.