गावच्या शाळेतल्या मुलींना सॅनिटरी पॅड वाटायचे आहेत, आणखी काय करायला हवं?

पॅड जरूर द्या. पण त्याआधी एकदा शाळेत जाऊन मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, ते बघून या.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं विज्ञान शिकवते. पॅड आमच्याकडे आलेच नाहीत असं नाही. २०१८ च्या महिला दिनाला राज्य सरकारची अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट बचत गटाच्या बायकांमार्फत मिळू लागलं. मुलींनी घेतलंही. पण सकाळी घरून लावलेलं पॅड पाचला घरी गेल्यावरच निघायचं. बदलणार कुठं? कडी तुटलेली, नळ कोरडा, वापरलेलं टाकायला डबा नाही. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं हे त्यांना पाठ होतं, मीच शिकवलं होतं. शेवटी मी बाजारातून कडी आणली, शिपाईमामांनी बसवली. झाकणाची बादली, मग आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. त्या महिन्यापासून मुली मधल्या सुट्टीत पॅडच्या कपाटापाशी येऊन हळूच "मॅडम, एक द्या ना" म्हणायला लागल्या.

तुम्ही लिहिलंय, 'अजून मुली कापड वापरतात हे ऐकून वाईट वाटलं.' कापडाला दोष देऊ नका. मऊ सुती कापड साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलं तर त्यात वावगं काही नाही. आणि ऊन तर आमच्याकडे मुबलक. बिघडतं ते लपवण्यात. आठवीतली एक मुलगी मांड्यांना चट्टे उठले म्हणून रडत आली. तिच्या घरी गेले. न्हाणीत पाण्याचा ड्रम आणि भिंत यांच्या फटीत तिची पाळीच्या कापडाची घडी वाळत घातलेली, वरून परकर टाकलेला, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. हात लावला तर ओलीच, कुबट वासाची. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. आजीनं एवढंच सांगितलेलं : "कावळा शिवला, चार दिवस चुलीपाशी यायचं नाही." मी आजीशी वाद घातला नाही. मागच्या अंगणात बाजेच्या आडोशाला, पण उन्हात, तिच्याच हातानं दोरी बांधून घेतली. पंधरा दिवसांत चट्टे गेले. (आरोग्य केंद्रातून मलमही आणलं होतं, तेही सांगायला हवं.)

पाण्याचं मात्र दोरीसारखं सोपं नाही. टँकरच्या पाण्याचे घरात वाटे पडतात, तेव्हा पोरीच्या कापडाला घागर कुणी देत नाही. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तसले उन्हाळे आम्ही बघितलेत. म्हणून पॅड वर्षभर सारखे वाटण्यापेक्षा फेब्रुवारीपासून जास्त द्या, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागताना दोन-तीन पाकिटं घरी न्यायला द्या.

आशाताईंना बोलवा, आणि आयांनाही. अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं आमच्या बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्यामागं गरिबी आहे, खाडे परवडत नाहीत हे आहे, डॉक्टरांनी घातलेली भीती आहे. पण चौदाव्या वर्षी दुखणं सांगायची लाज वाटते ती तिशीतही वाटतच राहते, हे मी डोळ्यांनी बघते. मुलांनाही वर्गाबाहेर काढू नका. मी पाळीचा पाठ मुलामुलींना एकत्रच शिकवते. पहिली पाच मिनिटं खुसखुस होते, मग प्रश्न येतात.

आणि वाटपाचा फोटो काढू नका. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी मुलींच्या हातात पाकिटं देऊन काढला आणि तो गावाच्या ग्रुपवर फिरला. पुढचे दोन महिने एकही मुलगी कपाटाकडे फिरकली नाही.