गव्हाणी रिकामी असू दे

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या पायऱ्यांवर तू मला थांबवलेस आणि घाईघाईने एक प्रश्न विचारलास. खाली तुझा नवरा मोटारसायकल सुरू करून उभा होता, म्हणून मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून तुला वाटेला लावले. घरी आल्यावर मात्र मला माझ्या त्या उत्तराची लाज वाटत राहिली. गेल्या वर्षी शाळेतला नाताळचा कार्यक्रम आटोपून तुझी सहा वर्षांची मुलगी लाल टोपी घालून घरी आली, दप्तर टाकले आणि म्हणाली, “आई, झाला ना नाताळ?” त्या दिवशी तारीख होती २०. पुढचे चार दिवस तिला कशातच गोडी वाटली नाही आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला ती तुझ्या मांडीवर झोपून गेली. हे सांगताना तुझा आवाज बसला होता. तुला विचारायचे होते ते एवढेच की आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, मुलांकडून नेमके काय करून घ्यावे.

तू मोबाइलमध्ये लिहून ठेवलेली यादीही मला वाचून दाखवलीस. चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे, चोवीस खिडक्यांचे चॉकलेटचे कॅलेंडर, झाड, रोजची जपमाळ, कॅरोलचा सराव, गरिबांसाठी कपडे, कुमसार म्हणजे पापांची कबुली, आणि या सगळ्याच्या जोडीला करंज्या, कलकल आणि दोदोल. विरारची गाडी पकडून कामावर जाणाऱ्या, रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या बाईने ही यादी करावी आणि त्यातले निम्मे जमले नाही म्हणून स्वतःला दोष देत बसावे, हे मला मुळीच पटत नाही. ती यादी पुसून टाक. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत तुमच्या घरातल्या नाताळगोठ्यातली, बाळ येशूची मूर्ती ठेवायची गव्हाणी रिकामी असू दे.

तू स्वतः धर्मशिक्षणाच्या वर्गात माझ्यासमोर बसलेली मुलगी आहेस, त्यामुळे आगमनकाळ म्हणजे काय हे तुला नव्याने शिकवण्याची गरज नाही. परंतु तू त्याची आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाची गल्लत करते आहेस, असे तुझ्या बोलण्यावरून वाटले. दोन्ही काळांत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, रविवारच्या मिस्सेत गौरवगीत गायले जात नाही, हे खरे. पण उपवासकाळासारखा आलेलुयाचा जयघोष बंद होत नाही, आणि तिसऱ्या रविवारी तर झगा गुलाबी होतो, कारण तो आनंदाचा रविवार. हा काळ मुलांना काही सोडायला लावण्याचा नाही, वाट पाहायला लावण्याचा आहे. पहिल्या रविवारी शुभवर्तमानाचे वाचन कोणत्याही वर्षीचे असो, त्याचा सूर एकच असतो: जागे राहा. १६ डिसेंबरपर्यंत ख्रिस्तसभा प्रभूच्या पुन्हा येण्याकडे डोळे लावून असते आणि १७ तारखेपासून त्याच्या जन्माकडे, बेथलेहेमकडे वळते. दुकानातले ते कॅलेंडर दरवर्षी १ डिसेंबरलाच सुरू होते, पण आगमनकाळ कधी २७ नोव्हेंबरला सुरू होतो तर कधी ३ डिसेंबरला. त्यामुळे तो कधी पूर्ण चार आठवड्यांचा असतो, तर कधी चौथा आठवडा जेमतेम एका दिवसाचा. हे दिवस मोजून संपवण्यासाठी दिलेलेच नाहीत.

रिकाम्या गव्हाणीचा हा हट्ट माझ्या डोक्यातून निघालेला नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला नाताळगोठा केला, तेव्हा त्यात मूर्ती नव्हत्या. गवताने भरलेली गव्हाणी, एक बैल, एक गाढव, मशाली घेऊन आलेले गावकरी, आणि त्या गव्हाणीवर अर्पण केलेली मिस्सा, एवढेच होते. संताचा चरित्रकार सांगतो की तिथे उभ्या असलेल्या एका माणसाला त्या गव्हाणीत निजलेले बाळ दिसले. ते दिसायला जागा मोकळी होती म्हणून दिसले, असे मी धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गाला सांगत आले आणि तुझ्या वर्गालाही सांगितले होते. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोला जाऊन गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली आणि तिथे मूर्ती नव्हत्या, याची त्यांनीही आठवण करून दिली.

आता मी जे लिहिणार आहे ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. माझा थोरला आठ वर्षांचा असताना आमच्या भागात गोठ्यांची स्पर्धा लागली होती. मी तीन आठवडे जागून गोठा उभा केला. वाडीतून आणलेली माती, केळीच्या सोपाच्या भिंती, पसरट भांड्यात नाचणी पेरून उगवलेले हिरवे गवत, आरशाच्या तुकड्याचे तळे, सगळे मी माझ्या हातांनी केले. मुलांना मी जवळ फिरकू दिले नाही, कारण त्यांच्या हातून मेंढ्या पडत होत्या. परीक्षक २१ तारखेला येणार होते आणि गोठा पूर्ण दिसला पाहिजे म्हणून मी बाळाची मूर्ती त्याच दिवशी सकाळी गव्हाणीत ठेवली. थोरला शाळेतून आला, गोठ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “आई, बाळ तर आलं. मग आता आपण कुणाची वाट बघायची?” मी त्याला म्हणाले, “मध्ये मध्ये बोलू नकोस, माणसे येतायत.” आम्हाला दुसरे बक्षीस मिळाले, स्टीलचा एक हंडा. तो हंडा अजून माझ्या माळ्यावर आहे. त्या मुलाने त्यानंतर गोठ्याविषयी मला कधीही काही विचारले नाही. तो आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि परदेशात राहतो. मी त्याला दिलेले ते उत्तर मला दर डिसेंबरात ऐकू येते. तू यादी वाचत होतीस तेव्हाही ऐकू येत होते.

म्हणून सांगते, गव्हाणी रिकामी असू दे आणि ती मुलांच्या हातांना पोहोचेल अशा जागी असू दे. माझ्या आईकडे चार मेणबत्त्यांचे कडे नव्हते. तिच्याकडे पेंढा होता. भाताची कापणी आणि झोडणी उरकून नवा पेंढा अंगणात येऊन पडलेला असायचा, त्याला अजून शेताचा वास असायचा. पहिल्या रविवारी ती लाकडाची एक उघडी पेटी देवघराखाली ठेवायची आणि रात्री जपमाळ झाली की आम्हा भावंडांना एकेक काडी द्यायची. दिवसभरात कुणासाठी काही केले असेल, तर ती काडी पेटीत घालायची, नाहीतर परत पेंढ्यात ठेवायची. कुणी काय केले हे ती विचारत नसे. तुला हे सांगताना मला लगेच भीती वाटते ती याची की तू भिंतीवर तक्ता लावशील, ज्याच्या जास्त काड्या त्याला चॉकलेट देशील आणि त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवशील. कृपा करून तसे करू नकोस. काड्या मोजायच्या नाहीत. धाकट्याने दिवसभर बहिणीला मारले आणि तरी रात्री काडी घातली, तर घालू दे; दोन आठवड्यांत तो स्वतःच थांबेल किंवा थांबणार नाही, पण तो हिशेब त्याचा आणि बाळाचा आहे.

मेणबत्त्यांचे कडे लावायचेच असेल तर लाव. माझा त्याला विरोध नाही. फक्त ते कुठून आले हे मुलांना सांग. जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरात योहान विखेर्न नावाचे एक लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले सारखे विचारत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवत गेले. कॅथलिक घरांत ती प्रथा बरीच नंतर आली. मुले विचारत होती, हे त्यातले महत्त्वाचे. तुझ्या मुलीने तर विचारणेच सोडून दिले आहे, कारण तिला उत्तर २० तारखेलाच मिळून जाते.

३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो. जुन्या गोव्याची गर्दी आपण टीव्हीवर पाहतो, पण तो कसा वारला हे मुलांना कुणी सांगत नाही. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत, तापाने तो गेला. नाव आली नाही. ही गोष्ट मुलांना दुःखाची वाटेल, म्हणून तू टाळशील, टाळू नकोस. वाट पाहणे म्हणजे दरवेळी वस्तू हातात पडणे नव्हे, हे सहा वर्षांच्या मुलाला कळते. माझा नवरा जहाजावर असताना माझ्या मुलांना ते पुरते कळले होते.

आणि १७ पासून २३ पर्यंत, सात संध्याकाळी, झोपण्याआधी मुलांना प्रभूचे एकेक नाव सांग. ख्रिस्तसभा ही नावे सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राबरोबर शेकडो वर्षे गात आली आहे: हे ज्ञाना, हे आदोनाय, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उदयसूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. लॅटिनमधली त्यांची आद्याक्षरे शेवटापासून मागे वाचली तर ‘एरो क्रास’ असे शब्द होतात, म्हणजे ‘उद्या मी असेन’. किल्लीच्या दिवशी घराची किल्ली मुलीच्या हातात दे. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. आठ वाजता घरी पोहोचणाऱ्या बाईलाही ते जमते.

तू मला हट्टी म्हणशील. माझ्या सुनेनेही म्हटले आहे. काही वर्षांपूर्वी ती सगळी डिसेंबरात इथे आली होती. चार वर्षांच्या नातीने बाळाची मूर्ती कपाटातून काढून गव्हाणीत ठेवली आणि मी ती काढून घेतली. पोरगी रडली. सून म्हणाली, लहान मुलीच्या आनंदापेक्षा तुम्हाला नियम मोठा वाटतो. मी तेव्हा उत्तर दिले नाही, पण आज देते. मूर्ती काढून घेतली ती बरोबरच केले. तिला मांडीवर घेऊन कारण सांगितले नाही, ही चूक झाली. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. एकदा मुलाला दुसऱ्याच उत्तराने गप्प केलेल्या आईला नियम सैल करण्याचा हक्क उरलेला नाही, निदान मला तरी नाही.

शाळेशी भांडू नकोस. कार्यक्रमाला मुलीला पाठव, लाल टोपी घालू दे, तिच्या मैत्रिणी प्रेमाने आपला सण साजरा करतात, त्यांचा आनंद मोडू नकोस. ती घरी येऊन “झाला ना नाताळ?” म्हणाली, तर काही समजावत बसू नकोस, तिला गव्हाणीपाशी ने आणि बघायला सांग. झाड, चांदणी, दिवे चौथ्या रविवारनंतर लावलेत तरी उशीर होत नाही. नाताळ २५ तारखेला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आपल्याकडे मात्र नवे वर्ष उजाडले की चांदण्या उतरतात, आणि तीन राजांचा सण येतो तेव्हा निम्म्या घरांत गोठाच उरलेला नसतो.

बाळाची मूर्ती मुलीलाच स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवायला सांग, आणि २४ ला रात्री झोपेतून उठवावे लागले तरी ती गव्हाणीत तिच्याच हाताने ठेवली जाऊ दे. मिस्सेआधी तिला दुपारी झोपव.

तुमच्या इमारतीत पेंढा मिळायचा नाही. माझ्या भावाच्या खळ्यावरून मी एक पेंढी आणून ठेवली आहे, यंदाच्या भाताची. पहिल्या रविवारी मिस्सेनंतर मुलांना घेऊन घरी ये. दोन काड्या मी इथेच त्यांच्या हातात देईन, बाकीची पेंढी तू घेऊन जा.

तुझी,
शिकवणारी मावशी