परतीच्या पिकअपचा फाळका, ताडपत्री आणि डिझेल

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. नारायणगावहून टोमॅटो घेऊन तळेगावमार्गे द्रुतगती मार्गाने वाशीच्या बाजारात जाणारी आपली बोलेरो पिकअप परतताना फाळका (हौद्याची, म्हणजे माल ठेवायच्या जागेची, मागची झडप) खाली सोडून चालवली तर डिझेल वाचेल का, फाळक्याच्या जागी जाळी बसवावी का, आणि केबिनच्या टपावर पत्र्याचा डिफ्लेक्टर, म्हणजे हवा वर वळवणारा तिरका पत्रा, लावण्यात अर्थ आहे का. माझ्या मते या तिन्हींवर खर्च करू नये. हवेमुळे जाणारे डिझेल वाचवायचे असेल तर ते माल कसा रचला आहे आणि गाडी किती वेगाने चालली आहे, या दोन ठिकाणीच वाचते.

आधी हवेचा वाटा किती, हे पाहू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. पिकअपचे समोरचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस मीटर आणि वायुरोधाचा गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडवतो याचे माप) ०.५ धरला, तर ताशी ४० किलोमीटरला हवेचा रोध साधारण १०५ न्यूटन (न्यूटन हे बल मोजण्याचे एकक), ६० ला २४० आणि ८० ला ४२५ न्यूटन येतो. टायरचा रोध मात्र वेगापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असतो. तो रिकाम्या गाडीला सुमारे १९० आणि मालासह तीन टन भरलेल्या गाडीला सुमारे ३२० न्यूटन धरता येईल. हे आकडे अंदाजाचे असले तरी त्यांतून निघणारा अर्थ पक्का आहे. भरलेल्या गाडीत साधारण सत्तरच्या पुढे हवा टायरपेक्षा महाग पडू लागते, आणि रिकाम्या गाडीत ती पन्नाशी ओलांडली की लगेच महाग पडते. म्हणजे वायुरोधाचा विचार करायची खरी वेळ परतीची आहे, आणि इथपर्यंत आपला अंदाज बरोबर आहे. परतीच्या वाटेवर खंडाळ्याचा घाट चढताना मात्र हवेचा हिशेब बाजूला ठेवावा; तीन टनांच्या गाडीला पाच टक्के चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाचा विरोधच जवळपास १,५०० न्यूटन असतो आणि रिकाम्या गाडीलाही तो आठशेच्या वर जातो.

आता फाळक्याविषयी. फाळका खाली सोडला की हवा सरळ आरपार निघून जाईल, ही समजूत अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांमध्येही फार जुनी आहे आणि तिथल्या वाहन कंपन्यांनी वाताच्या बोगद्यात, म्हणजे गाडीवर जोराची हवा सोडून रोध मोजणाऱ्या प्रयोगशाळेत, ती तपासली आहे. केबिनच्या टपावरून सुटलेली हवा हौद्यात उतरते; फाळका बंद असेल तर हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरून वाहणारी हवा त्याच्यावरून घसरत मागे निघून जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो, हवा हौद्याच्या तळापर्यंत येते आणि केबिनच्या पाठीमागचा दाब घटून गाडी मागे ओढली जाते. केबिनची उंची आणि हौद्याची लांबी यांनुसार परिणाम कमीजास्त होतो, पण फाळका उघडून मोठी बचत होते असे सहसा दिसत नाही. शिवाय अमेरिकन पिकअपचा फाळका उघडल्यावर आडवा थांबतो, तर आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपचा तो पूर्ण खाली लोंबतो आणि मागचे दिवे व नंबरप्लेट झाकतो. रात्रीच्या द्रुतगती मार्गावर असे करणे धोक्याचे आहे. जाळीच्या फाळक्याने थोडा फरक पडलाच, तर तो आपल्या डिझेलच्या हिशेबात वेगळा दिसणार नाही इतका लहान असेल.

परतताना आपली गाडी खरोखर रिकामी असते का, हे आपण लिहिलेले नाही. टोमॅटोच्या धंद्यात क्रेट परत येतात आणि ते एकमेकांत बसणारे नसल्यामुळे रिकामे असतानाही तेवढीच जागा घेतात. वजन नाही म्हणून ते पाच-पाच थर उंच रचले जातात आणि गाडी तरीही रिकामी समजली जाते. एक क्रेट साधारण ३० सेंटीमीटर उंच असतो. बहुतेक पिकअपमध्ये हौद्याच्या तळापासून केबिनचा टप मीटरभर किंवा त्याहून थोडा वर असतो, म्हणजे तीन थर केबिनच्या आडोशात राहतात, चौथा टपाच्या बरोबरीला किंवा किंचित वर येतो, आणि पाचवा थर पूर्ण हवेत उभा राहतो. त्या उभ्या, जाळीदार, खाचाखोचांच्या भिंतीवर हवा थेट आदळते. मला वाटते, आपल्या डिझेलचे उत्तर इथेच दडलेले आहे.

म्हणून क्रेट तीन थरांतच, केबिनच्या भिंतीला अगदी चिकटवून रचावेत. केबिन आणि क्रेट यांच्यात हातभर फट राहिली तर तिथे हवा शिरून घुसळत राहते. क्रेट जास्त असतील तर वरचे थर पुढे एकत्र रचण्यापेक्षा सगळीकडे सारखी उंची ठेवावी. त्यावर ताडपत्री घट्ट ओढून दोर आवळावा आणि तिची पुढची कड दुमडून खाली खोचावी. फडफडणारी ताडपत्री उघड्या क्रेटपेक्षाही वाईट ठरू शकते, कारण ती फुगून गाडीचा आकारच वाढवते. क्रेट नसतील त्या दिवशी तीच ताडपत्री फाळक्याच्या उंचीवर ताणून बांधली तर हौद्यावर झाकण तयार होते आणि रोध थोडा कमी होतो. या उपायाला नवा खर्च नाही.

डिफ्लेक्टर ज्यांच्या गाडीवर केबिनपेक्षा उंच, कायमचा बंद डबा आहे त्यांना उपयोगी पडतो. नासाच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात खोक्यासारख्या चौकोनी केलेल्या व्हॅनवर प्रयोग केले, तेव्हा केवळ कडा गोलाकार केल्याने वायुरोध निम्म्याहून अधिक घटला होता. उंच डब्यासाठी समोरची धार मोडणे किती महत्त्वाचे आहे हे त्यावरून कळते. आपला माल मात्र कधी उंच, कधी बुटका असतो, आणि माल टपाखाली असताना डिफ्लेक्टर म्हणजे नसलेली भिंत आपणच उभी करणे होय. टपावरचे लोखंडी कॅरिअर वापरात नसेल तर तेही उतरवून ठेवा. इंजिनासमोरची जाळी पुठ्ठ्याने झाकण्याचा सल्लाही काही जण देतात. महागड्या अमेरिकन पिकअपमध्ये जाळीमागच्या झडपा इंजिनाच्या गरजेनुसार आपोआप उघडतात, पुठ्ठा उघडत नाही. घाटात इंजिन तापेल.

वेगाविषयी एवढेच सांगतो की, ८० ऐवजी ६५ ने चालवल्यास हवेचा रोध एक तृतीयांशाने घटतो. बाजारात मिळणारी कोणतीही जोडणी एवढे करू शकत नाही. १०० किलोमीटरला १७ मिनिटे जास्त लागतील. जाताना बाजाराची वेळ गाठायची असते, तेव्हा हा सल्ला मी देणार नाही, पण परतताना ती घाई नसते.

फरक तपासताना टाकी प्रत्येक वेळी त्याच पंपावर, काठोकाठ भरून मोजा, टायरमधली हवा आधी सारखी करून घ्या आणि एकाच फेरीवरून निष्कर्ष काढू नका. वायुरोध दहा टक्क्यांनी घटला तरी ८० च्या वेगाला डिझेलमध्ये साधारण चार-पाच टक्केच फरक दिसतो, आणि एवढा फरक समोरून येणाऱ्या वाऱ्यानेही होतो. म्हणून काही आठवडे क्रेटचे थर आणि लिटर यांची शेजारी शेजारी नोंद ठेवा, आणि त्या काळात एका वेळी एकच गोष्ट बदला.