टॉवरच्या मॉडेलमध्ये प्रत्येक बोल्ट काढू नकोस

नाशिकला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाताना दिसतात तसला वीजवाहिन्यांचा जाळीदार टॉवर संगणकावर बलं काढण्यासाठी पहिल्यांदाच मॉडेल करतो आहेस ना, मग बोल्ट, वॉशर, काँटॅक्ट (भाग एकमेकांना टेकतात ते) यांत शिरू नकोस. मॉडेल अवजड होईल, पण बलं जवळपास तीच येतील. मुख्य पाय अखंड बीम (वाकणंही पेलणारे मेंबर, म्हणजे टॉवरचे सुटे दांडे) घे, पायांना बांधणारं तिरकं ब्रेसिंग दोन्ही टोकांना पिन, म्हणजे टोकाशी मोकळं फिरणारं. सगळंच ट्रस (फक्त ओढ-दाब घेणारे मेंबर) केलंस, तर एकाच प्रतलातले सांधे प्रतलाबाहेर मोकळे सुटतात आणि कडकपणाचा मॅट्रिक्स सिंग्युलर होतो, म्हणजे गणित सुटतच नाही.

खरी काळजी घ्यायची ती घसरणीची. १६ मिमी बोल्टला भोक असतं १७.५ मिमीचं, लोड वाढला की सांधा सरकतो. मेंबरमधल्या बलांवर याचा परिणाम बहुधा थोडाच, पण शेंड्याचं विस्थापन मॉडेलपेक्षा चांगलंच जास्त भरतं. टॉवरच्या चाचणीशी आकडे जुळेनात, म्हणून स्टीलचा ई (लवचिकता गुणांक) कमी करू नकोस. बरेच जण करतात, मला ते अजिबात पटत नाही. मेंबरच्या टोकाला घसरण धरणारी नॉनलिनियर अक्षीय स्प्रिंग दे, म्हणजे मेंबरच्या लांबीच्या दिशेने काम करणारी, बल आणि सरकणं सरळ प्रमाणात नसलेली.

अँगल (एल आकाराचा मेंबर) एकाच बाजूने जोडल्याची विकेंद्रता, म्हणजे बल मध्यातून न जाणं, आयएस ८०२ या टॉवरच्या भारतीय मानकातल्या स्लेंडरनेसच्या (मेंबरच्या सडपातळपणाच्या) सूत्रांत धरलेली आहे. बोल्टचं शिअर (कातरणं) आणि बेअरिंग (भोकाच्या कडेवरचा दाब) हातानेच तपास. शंका असलेला एखादा सांधा तेवढा सॉलिड एलिमेंटने (त्रिमितीय ठोकळ्यांनी) वेगळा मॉडेल कर.