रात्री नुसती खिचडी

“मॅडम, रात्री मुलांना नुसती खिचडी घालते मी. चालतं ना हो?”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी किती बायकांच्या तोंडून ऐकला असेल, मोजलेलं नाही. त्या येतात दुसऱ्याच कारणासाठी. कोणाला झोप लागत नाही, कोणाची चिडचिड होते, कोणाचं नवऱ्याशी बोलणं खुंटलेलं असतं. पण तासाभराच्या बोलण्यात, बहुतेक वेळा पर्स खांद्याला लावता लावता, हा प्रश्न येतोच. आवाज खाली उतरलेला असतो, गुन्हा कबूल केल्यासारखा. म्हणून आज एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दोन-तीन घरं एकमेकांत मिसळली आहेत. बाईंना मी ताई म्हणते, कारण समोर बसल्यावरही तसंच म्हणत होते.

ताई फोर्टमध्ये नोकरीला, राहायला घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे. सहाला ऑफिस सुटतं. सीएसएमटीहून फास्ट मिळाली तर सव्वासातपर्यंत ठाणे स्टेशन, आणि मग खरा प्रवास सुरू: बसची रांग, माजिवडा, मानपाडा. घरात पाऊल टाकायला सव्वाआठ. घरी सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. नवरा ऐरोलीला कामाला, तो साडेसातलाच पोचलेला असतो.

“नऊ वाजले की माझ्या अंगात काहीतरी संचारतं,” त्या म्हणाल्या. “मुलांवर इतकी ओरडते की नंतर माझीच मला लाज वाटते.”

मी राग कसा आवरायचा ते सांगत बसले नाही. काल सव्वाआठ ते दहा काय काय केलंत, तेवढं क्रमाने सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं: चपला काढल्या, हात धुतले, साडी न बदलता कणीक भिजवली. वरणभाताचा कुकर लावला. फरसबी चिरली. एकीकडे भाजी फोडणीला, दुसरीकडे तवा. चौदा चपात्या. कोशिंबीर राहिली म्हणून सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ताटाकडे बघितलं. पानं घेतली तेव्हा पावणेदहा झाले होते.

“आणि धाकटा?”

“तो सोफ्यावर झोपला होता. उठवून भरवला. झोपेतच घास चावत होता. मध्येच चावायचा थांबला, गालात घास तसाच. मी ओरडले.”

ते सांगताना त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला. मी विचारलं, एखाद्या दिवशी खिचडी टाकली तर?

“खिचडी? घरात आजारी आहे का कोणी?”

मी अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक. १९५० च्या दशकात त्यांनी जी मांडणी केली तिचं सार असं: माणसाला घटना तितकी त्रास देत नाही, जितका त्या घटनेला त्याने लावलेला अर्थ देतो. त्यामुळे माझे कान शब्दांवर असतात. ताईंच्या बोलण्यात ‘नुसती’ हा शब्द पहिल्या दोन भेटींतच कितीतरी वेळा आला. नुसती खिचडी. नुसता मसालेभात. नुसतं पिठलं-भात. आणि सासूबाईंचं म्हणून सांगितलेलं वाक्य: “आज खिचडीवरच भागवायचं का?” भागवणं! आपल्या भाषेत एका भांड्यातल्या जेवणाला किती उणे शब्द आहेत बघा. भागवलं, ढकललं, उरकलं. ताट भरलेलं म्हणजे माया भरलेली, आणि एकच पदार्थ म्हणजे बाई कामचुकार, हा हिशोब आपण लहानपणापासून या शब्दांबरोबर गिळलेला असतो.

मी त्यांना सांगितलं, आठवडाभर खिचडी करू नका हवं तर, पण ‘नुसती’ हा शब्द तोंडातून आला की थांबा आणि वाक्य पुन्हा म्हणा, तो शब्द वगळून. त्या हसल्या. पुढच्या भेटीत म्हणाल्या, “शब्द काढला की वाक्यात तक्रारच उरत नाही. ‘आज रात्री खिचडी आहे.’ एवढंच.”

आता त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, चालतं. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात असतं. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. त्यात गाजर, मटार, दुधी, पालक असं काही पडलं, वर चमचाभर तूप, बाजूला दही आणि काकडीच्या फोडी, की ताटात काय कमी राहिलं? घरात मधुमेहाचं कोणी असेल तर तांदूळ कमी, डाळ आणि भाजी जास्त, किंवा तांदळाऐवजी गव्हाचा दलिया, आणि तेवढं एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

ताईंच्या पाच माणसांसाठी आम्ही प्रमाणसुद्धा कागदावर लिहिलं. दीड वाटी तांदूळ, दीड वाटी मुगाची डाळ, दोन वाट्या चिरलेल्या भाज्या. कुकरमध्येच फोडणी: मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. मग सगळं परतून नऊ-दहा वाट्या गरम पाणी, मीठ, थोडा गोडा मसाला. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. पाच लिटरचा कुकर घ्यायचा, कारण डाळ-तांदूळ असताना तो अर्ध्याच्या वर भरला तर फेस शिटीत अडकतो. हाताचं काम दहा-बारा मिनिटांचं. पुढची वीस मिनिटं कुकर त्याचं काम करतो, वाफ त्याची ती जिरते, आणि त्या वेळात बाई बसू शकते. समुपदेशनाच्या खोलीत हे कशाला, असं कोणी म्हणेल. माझं मत वेगळं आहे. सव्वाआठ वाजता गॅससमोर उभ्या असलेल्या बाईला विचार बदलायला सांगायचं आणि पाण्याचं प्रमाण सांगायचं नाही, याला मी अर्धवट मदत म्हणते.

तिसऱ्या भेटीला नवरा आला. सज्जन माणूस. म्हणाला, “मला चपात्या येत नाहीत हो. नाहीतर मीच केल्या असत्या.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. तो खोटं बोलत नव्हता. पोळी म्हणा, चपाती म्हणा, तिला वर्षानुवर्षांचा हात लागतो. ज्या घरात रात्रीचं जेवण म्हणजे चपाती हे ठरलेलं आहे, तिथे स्वयंपाकघराला कुलूपच लागलेलं असतं आणि किल्ली एकाच बाईच्या कमरेला. ती येईपर्यंत घरातली माणसं खरोखर हात बांधून बसतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तिच्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर जाणारा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. तो आकडा मी पूर्वी वाचला होता. पण यामागे निदान काही घरांत आळसापेक्षा ही चपातीची किल्ली असेल, हे मला त्या दिवशी त्या वाक्याने दाखवलं. खिचडी कोणीही लावू शकतं. कागद समोर असला की ऐरोलीहून साडेसातला आलेला माणूसही.

दोन वार ठरले, मंगळवार आणि गुरुवार. तेव्हा मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण पुढच्या आठवड्यात ताई आल्या त्या डोळे सुजलेल्या.

त्या गुरुवारी लोकल मुलुंडच्या अलीकडे अडकली होती. त्या नऊला घरी पोचल्या. दार उघडलं तर घरात फोडणीचा वास, सगळ्यांची जेवणं झालेली, मुलगी आणि बाबा कशावरून तरी हसत होते. ताई पर्स ठेवून बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

“मॅडम, मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. माझ्यावाचून जेवले.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “मग माझं काय उरलं?”

इतक्या वर्षांच्या कामात मी एक गोष्ट कमावली आहे, योग्य वेळी गप्प राहणं. त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. खाली रस्त्यावर रिक्षा जात-येत होत्या, त्यांचे आवाज ऐकत आम्ही दोघी बसलो. हा प्रश्न आजवर माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांना पडलेला असणार. तोंडातून बाहेर यायला या ताई लागल्या. त्या चौदा चपात्यांना त्या कंटाळल्या होत्याच, पण घरात आपली जागा त्यांनी त्या चपात्यांवर उभी केली होती. म्हणून चपाती सोडायची म्हटलं की पायाखालची जमीन हलत होती. ‘चालतं ना हो?’ या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न दडलेला होता: हे एवढंसं केलं तरी मी या घराला लागते ना?

बऱ्याच वेळाने मी इतकंच विचारलं, “बाथरूममधून बाहेर आल्यावर काय झालं?”

“धाकट्याने माझं ताट वाढून ठेवलं होतं. वर तूप घातलेलं. पार थिजून गेलं होतं ते.”

“मग?”

“मी जेवत होते, तो शेजारी बसला. शाळेतलं सांगत होता. कोणाचा कंपास कोणी लपवला, बाई काय म्हणाल्या… बराच वेळ.” त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या. “तो जागा होता, मॅडम.”

पुढे त्या बोलल्या नाहीत. मीही नाही. गालात घास धरून झोपलेलं ते पोर आम्हा दोघींनाही आठवत होतं.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांना मी मुद्दाम एकटं बोलावलं, आणि सुनेबद्दल एक अक्षर काढलं नाही. माहेर जुन्नरच्या बाजूचं. विचारलं, “आई, काढणीच्या दिवसांत तुमच्याकडे रात्री काय असायचं?”

“शेंगोळी!” चेहरा उजळला. “कुळथाचं पीठ, थोडं गव्हाचं, लसूण-मिरची वाटून घालायची. घट्ट मळून हातावर वळायची अन् उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. त्यातच थोडं पीठ कालवून लावलं की रस दाट होतो. एक पातेलं, सगळं घर जेवायचं. शेतातनं आल्यावर कोण भाकऱ्या थापत बसतंय?”

“मग त्याला कोणी ‘भागवलं’ म्हणायचं का?”

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोण म्हणणार? आमच्या सासूबाईच वळायला बसायच्या आमच्यासंगं.”

मला त्यांना दोष द्यायचा नव्हता. त्या पिढीने एका पातेल्यात पोटभर जेवण करून दाखवलेलं आहे. मध्ये कधीतरी शहरात आल्यावर, गॅस आणि मिक्सर आल्यावर, वरण-भात-भाजी-चपाती-कोशिंबीर हे रोजचं माप ठरून गेलं आणि ते सव्वाआठला घरी येणाऱ्या बाईलाही तसंच लावलं गेलं.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. पहिल्याच आठवड्यात सगळे वार बदलू नका, दोनच धरा, आणि ते रविवारी सगळे घरात असताना ठरवा. आयत्या वेळी, दमलेल्या आवाजात ‘आज खिचडीच आहे हं’ म्हटलं की ती माफी होते, आणि माफी मागितली की समोरच्याला आपण माफ करायचंय असं वाटू लागतं. खिचडी केली म्हणून अपराधीपणाने शेजारी बटाट्याची भाजी टाकू नका. पापड भाजा, लोणचं काढा, पुरे. नवऱ्याने लावलेल्या खिचडीत पाणी जास्त झालं तर पुढच्या वेळी त्याच्याजवळ उभ्या राहू नका. त्याला एकट्यालाच पुन्हा लावू द्या.

मुलांना चकोल्यांपासून हाताशी घ्या. कोणी वरणफळं म्हणतं, पदार्थ तोच: शिजवलेली तूरडाळ पातळ करून चिंच-गूळ, गोडा मसाला घालून उकळायची आणि पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात एकेक करून सोडायचे. एकदम ओतले तर गोळा होतो. ताईंची मुलगी लाटण्याला हात लावायला तयार नव्हती, पोळी वाकडी येते म्हणून. तिला सांगितलं, तुकडेच करायचेत गं, गोल कशाला हवी? आता मंगळवारच्या चकोल्या तिच्याकडे आहेत. आई येईपर्यंत डाळ उकळत असते.

ताईंनी चपात्या टाकलेल्या नाहीत. बाकीच्या दिवशी करतात, आवडीने करतात, आणि त्यातल्या दोन दिवशी कणीक नवऱ्याने आधीच भिजवलेली असते. सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. जांभळी नाक्यावरून सासूबाईंनी स्वतः कुळथाचं पीठ आणलं होतं, गुरुवारी शेंगोळी करायची म्हणून. वळायला सगळे बसले. धाकट्याच्या शेंगोळीचा साप झाला, तो त्याने त्याच्याच ताटात मागून घेतला. फोनवर मागे कुकर नव्हता, कोणी ओरडत नव्हतं. घड्याळात साडेनऊ वाजले होते आणि त्यांची भांडीसुद्धा आवरून झाली होती.